आठ्या, युनिट आणि कुपीवरचे नाव : सुरकुत्यांच्या इंजेक्शनांविषयी वाचकांचे प्रश्न

त्वचेविषयीच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा सूर ‘कोणते बोटॉक्स चांगले?’ असा आहे. टूथपेस्ट कोणत्याही कंपनीची असली तरी दुकानात आपण ‘कोलगेट द्या’ म्हणतो, तसेच येथेही झाले आहे. बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचे नाव असून त्याच प्रकारची, म्हणजे ‘अ’ प्रकारचे बोटुलिनम विष अत्यल्प प्रमाणात असलेली, इतरही अनेक औषधे बाजारात आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी ४७ वर्षांची शिक्षिका आहे. माझ्या दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या पडल्या आहेत आणि मी शांतपणे शिकवत असले तरी ‘बाई, तुम्ही रागावलात का?’ असे मुले विचारतात. मी तीन ठिकाणी चौकशी केली. एका दवाखान्यात बोटॉक्सचा दर युनिटला ३५० रुपये सांगितला. दुसऱ्या ठिकाणी डिस्पोर्ट युनिटला १३० रुपयांत मिळेल, असे सांगितले. तिसऱ्या ठिकाणी ‘कोरियन आहे, औषध तेच, सगळे मिळून चार हजार’ एवढेच सांगितले. मे महिन्यात मुलीचे लग्न आहे. यांपैकी काय निवडावे? (पुणे)

उत्तर : आधी हिशेब करू, कारण या व्यवहारात सर्वांत जास्त दिशाभूल येथेच होते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा २० युनिट आहे, तर त्याच कामासाठी डिस्पोर्टची मान्य मात्रा ५० युनिट आहे. म्हणजे तुम्हाला सांगितलेल्या दरांनी पहिल्या ठिकाणी ७,००० रुपये होतात आणि दुसऱ्या ठिकाणी ६,५००. युनिटचा दर ऐकून दुसरे औषध तिपटीने स्वस्त वाटते, प्रत्यक्षात फरक पाचशे रुपयांचा आहे.

याचे कारण असे, की येथील युनिट हे मिलीग्रॅमसारखे सर्वांना सारखे असलेले वजन नव्हे. ते औषधाच्या जैविक ताकदीचे माप असून प्रत्येक कंपनी ते स्वतःच्या प्रयोगशाळेतील चाचणीने ठरवते. पूर्वी पायली आणि मण ही मापे जशी मुलखागणिक बदलत आणि एका बाजारातली पायली दुसऱ्या बाजारातल्या पायलीला लावून भाव करणे धोक्याचे असे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून एका औषधाच्या युनिटला ठरावीक आकड्याने गुणून दुसऱ्याचे युनिट काढू नयेत, अशी सूचना ही औषधे बनवणाऱ्या कंपन्याच आपल्या माहितीपत्रकात देतात. तुम्ही मात्र दर विचारताना एवढेच विचारावे : ‘माझ्या आठ्यांसाठी कोणत्या औषधाचे किती युनिट लागतील आणि त्याचे एकूण किती पैसे होतील?’ या प्रश्नाला सरळ उत्तर न देणाऱ्या ठिकाणी पुढचे काही विचारण्याची गरज उरत नाही.

आता बोटॉक्स आणि डिस्पोर्ट यांच्यातील खरा फरक. दोन्ही औषधांचे काम एकच आहे. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटले, की स्नायू आक्रसतो. हे विष ते रसायन बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेतील एक प्रथिन तोडते, त्यामुळे स्नायूपर्यंत आज्ञा पोहोचत नाही आणि तो सैल राहतो. परिणाम दोन ते पाच दिवसांत जाणवू लागतो, दोन आठवड्यांच्या सुमारास पुरता दिसतो आणि मज्जातंतूची टोके पूर्ववत होत गेली की तीन ते चार महिन्यांनी ओसरतो. डिस्पोर्टचा परिणाम काही जणांना एखादा दिवस आधी जाणवतो, आणि ते टोचलेल्या जागेपासून थोडे अधिक पसरते असे म्हटले जाते. परंतु पसरणे हे औषधाच्या नावापेक्षा ते किती पाण्यात कालवले, किती टोचले आणि किती खोल टोचले यांवर फार अवलंबून असते. सरावलेला डॉक्टर दोन्ही औषधांनी सारखाच परिणाम साधू शकतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांचा हात ज्या औषधावर अधिक बसला असेल, ते घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. एक अपवाद मात्र पक्का आहे : ज्यांना गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी डिस्पोर्ट घ्यायचे नाही, कारण त्यात दुग्धशर्करा असते आणि दुधातील प्रथिनांचा अंश असू शकतो. दूध पचत नाही, पोट फुगते, ही निराळी गोष्ट आहे. अ‍ॅलर्जी म्हणजे अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे.

तुमच्या आठ्यांची जागा या औषधाच्या इतिहासातली मूळ जागा आहे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर उपचार म्हणून हे विष वापरण्याजोगे केले, आणि १९८९ साली अमेरिकेत तिरळेपणा व पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी त्याला मान्यता मिळाली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स अशा रुग्णांना ते टोचत असताना त्यांच्या भुवयांमधल्या आठ्या नाहीशा होत असल्याचे दिसून आले. त्यांनी आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलस्टर कॅरुथर्स यांनी १९९२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आठ्यांसाठी अमेरिकेची अधिकृत मान्यता मिळायला त्यानंतर २००२ साल उजाडावे लागले, तर डिस्पोर्टला ती २००९ साली मिळाली. भुवयांमधल्या जागेत हे उपचार इतक्या वर्षांपासून होत आहेत, की तिथला अनुभव भरपूर आहे. दोन्ही भुवयांच्या आतल्या टोकांशी प्रत्येकी दोन आणि नाकाच्या मुळाशी एक, अशा पाच ठिकाणी टोचले जाते आणि सारे काम दहा मिनिटांत संपते.

तिसऱ्या ठिकाणाविषयी. औषध कोरियन आहे म्हणून ते वाईट ठरत नाही, दक्षिण कोरियात बनलेली या प्रकारची औषधे अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही मान्य केली आहेत. मला खटकते ते नाव न सांगणे. ही औषधे कोरड्या भुकटीच्या रूपात सीलबंद कुपीत येतात, आणि वापरण्यापूर्वी डॉक्टर त्यात मिठाचे निर्जंतुक पाणी घालतात. बोटॉक्सच्या १०० युनिटच्या कुपीत अडीच मिलीलिटर पाणी घातले, तर एक दशांश मिलीलिटरमध्ये चार युनिट येतात. पाणी दुप्पट घातले, तर तेवढ्याच द्रवात दोनच युनिट येतील, आणि सिरिंजकडे पाहून हे कोणालाही ओळखता येणार नाही. म्हणून कुपी तुमच्यासमोर दाखवली जावी, तिच्यावरील औषधाचे नाव, बॅच क्रमांक व मुदतीची तारीख तुम्हाला वाचता यावी आणि ती माहिती टोचलेल्या युनिटांसह तुमच्या कागदावर लिहून मिळावी. एक कुपी दोन-तीन रुग्णांसाठी वापरली जाते, त्यात काही गैर नाही. मात्र पाणी कधी घातले हे विचारावे, कारण बोटॉक्सच्या माहितीपत्रकानुसार कालवलेले औषध शीतकपाटात ठेवून २४ तासांच्या आत वापरायचे असते.

लग्नाविषयी : मे महिन्याच्या मध्यावर कार्य असेल तर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इंजेक्शन घ्यावे. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवता येईल, एक भुवई थोडी जास्त उचलली गेली असेल तर ती दुरुस्त करता येईल, आणि काळेनिळे डाग पडलेच तर ते जायलाही वेळ मिळेल. हळदीच्या आदल्या आठवड्यात असले काही करू नये. आणखी एक बारीक गोष्ट, जी परदेशी पत्रकांत सापडणार नाही : टोचण्याची जागा टिकलीच्याच आसपास येते. इंजेक्शनच्या दिवशी टिकली लावू नका. तिथली त्वचा टिकलीच्या गोंदाने खाजत असेल, लाल झाली असेल किंवा पांढुरकी पडू लागली असेल, तर आधी त्यावर उपचार करून घ्या. सूज किंवा जंतुसंसर्ग असलेल्या त्वचेत हे इंजेक्शन देत नाहीत. त्या दिवशी कपाळ चोळू नये, फेशियल करू नये आणि पहिले चार तास आडवे होऊ नये, असे आम्ही सांगतो. शेवटच्या सूचनेमागे सावधगिरी अधिक आहे आणि पुरावा कमी.

प्रश्न : वय ४१. मी प्रथमच इंजेक्शन घेणार आहे. येथील दवाखान्यात ज्यूव्हो किंवा डॅक्सिफाय यांपैकी निवडा असे सांगितले. डॅक्सिफाय सहा महिने टिकते, म्हणजे ते फायद्याचे नाही का? शिवाय डिसेंबरमध्ये भारतात येणार आहे, तेव्हा काही कमी वाटल्यास तिथे थोडे वाढवून घेता येईल का? (न्यू जर्सी)

उत्तर : ज्यूव्होला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. ते दक्षिण कोरियात तयार होते आणि त्याची भुवयांमधली मात्रा बोटॉक्सइतकीच, २० युनिट आहे. डॅक्सिफायला २०२२ साली मान्यता मिळाली असून त्याची मात्रा ४० युनिट आहे. चाचण्यांमध्ये डॅक्सिफायचा परिणाम ओसरायला लागलेला मध्यम काळ सुमारे २४ आठवडे होता. याचा अर्थ निम्म्या लोकांत तो त्याहून आधी ओसरला आणि निम्म्यांत त्याहून नंतर, हे लक्षात ठेवावे. जाहिरातीतला ‘सहा महिने’ हा शब्द प्रत्येकाला दिलेले वचन नव्हे.

तरीही ते दीर्घकाळ टिकते, हे खरे आहे. परंतु ज्यांनी यापूर्वी कधीच असे इंजेक्शन घेतलेले नाही, त्यांना मी दीर्घकाळ टिकणारे औषध पहिल्या खेपेस सुचवणार नाही. तुमच्या स्नायूंना किती मात्रा पुरते, तुमची भुवई कोणत्या बाजूला वर जाते आणि मुख्य म्हणजे आरशातला तो कमी हलणारा चेहरा तुम्हाला आवडतो का, हे पहिल्या खेपेतच कळते. आवडला नाही तर तीन-चार महिने वाट पाहणे आणि सहा महिने वाट पाहणे यांत पुष्कळ अंतर आहे, कारण हे विष एकदा मज्जातंतूत शिरल्यावर ते काढून घेणारे औषध नाही. पहिल्यांदा ज्यूव्हो किंवा बोटॉक्स घ्या, परिणाम पसंत पडला तर पुढे डॅक्सिफायचा विचार करा.

भारतात आल्यावर वाढवून घेण्याचा बेत मात्र सोडून द्यावा. येथील डॉक्टरांना तिथे काय, किती आणि कुठे टोचले हे माहीत नसते, औषधही बहुधा निराळे असते आणि दोन औषधांच्या युनिटांची बेरीज करता येत नाही. पुण्या-मुंबईत घ्यायचेच असेल तर आधीच्या इंजेक्शनला किमान तीन महिने होऊ द्या आणि तिथला लेखी तपशील सोबत आणा. फार जवळजवळ घेतलेल्या खेपांमुळे शरीरात या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन औषध लागू पडेनासे होण्याची शक्यता असते. चेहऱ्यासाठी लागणाऱ्या थोड्या मात्रेत असे क्वचितच घडते, पण ते ओढवून घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. हे इंजेक्शन मांसापासून बनवतात असे ऐकले. खरे काय? आणि विष म्हणतात ते अंगात साठून राहते का? (सांगली)

उत्तर : मांसाशी त्याचा संबंध नावापुरता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरांनी बिघडलेले सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलस’ म्हणतात, त्यावरून त्या आजाराला आणि पुढे विषाला नाव मिळाले. आज हे विष प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून मिळवतात.

मात्र ‘पूर्ण शाकाहारी’ या शब्दाला तुम्ही काटेकोरपणे धरत असाल, तर आणखी सांगितले पाहिजे. बोटॉक्सचा जिवाणू ज्या खाद्यावर वाढवतात, त्यात दुधातील केसीन प्रथिनाचा अंश असतो. बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन आणि ज्यूव्हो या चारही औषधांत मानवी रक्तापासून वेगळे केलेले अल्ब्युमिन हे प्रथिन असते. ते नसले तर इतक्या सूक्ष्म प्रमाणातले विष कुपीच्या काचेलाच चिकटून बसेल. झिओमिनमध्ये विषाभोवतीची जादा प्रथिने काढून टाकलेली असतात, पण अल्ब्युमिन त्यातही असते. डॅक्सिफायमध्ये ते नसते. बोटॉक्सच्या २० युनिटांतून एक दशांश मिलीग्रॅम अल्ब्युमिन अंगात जाते. ते चालते की नाही, हा निर्णय वैद्यकाचा नाही, तुमच्या श्रद्धेचा आहे. मी फक्त त्यात काय असते ते सांगू शकते.

साठून राहण्याविषयी : बोटॉक्सच्या १०० युनिटच्या कुपीतच विषाचे प्रमाण सुमारे पाच नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या एक अब्ज भागांपैकी पाच भाग असते, आणि आठ्यांसाठी त्याचा पाचवा हिस्सा लागतो. ते काही महिन्यांत निष्प्रभ होते.

प्रश्न : वय ५८. कपाळावर चार-पाच आडव्या सुरकुत्या आहेत, त्या घालवायच्या आहेत. वरच्या पापण्या थोड्या लोंबलेल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला असून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. पुरुषांनाही हे चालते ना? (नागपूर)

उत्तर : पुरुषांना चालते. उलट त्यांचे स्नायू जाड असल्यामुळे मात्राही बहुधा अधिक लागते. परंतु तुमच्या बाबतीत मी सावध आहे, आणि त्याचे कारण वय नसून तुम्ही पत्रात सहज लिहून गेलेल्या पापण्या आहेत.

कपाळावर भुवया वर उचलणारा स्नायू एकच असतो. बाकीचे सारे त्यांना खाली ओढतात. ज्यांच्या वरच्या पापण्या सैल झालेल्या असतात, ते नकळत दिवसभर या स्नायूने भुवया उचलून धरतात आणि पापण्या डोळ्यांवरून बाजूला ठेवतात. त्या आडव्या सुरकुत्या म्हणजे या श्रमाची खूण असते. तो स्नायू सैल केला तर कपाळ गुळगुळीत होईल, पण भुवया खाली येतील, पापण्या जड होतील आणि वाचताना कोणी डोळ्यांवर झापड ओढल्यासारखे वाटेल. आरशासमोर डोळे मिटून कपाळ पूर्ण सैल सोडा, एका हाताने भुवया तिथेच दाबून धरा आणि मग डोळे उघडा. डोळे नेहमीइतके उघडले नाहीत, तर कपाळावरच्या इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवून आधी नेत्रतज्ज्ञांकडून पापण्या तपासून घेणे योग्य. कपाळासाठी बोटॉक्सला जी मान्यता आहे, तीही भुवयांमधल्या स्नायूंनाही सोबत इंजेक्शन देण्याच्या अटीवर आहे : वर २० आणि मध्ये २० युनिट. नुसते कपाळ ‘स्वस्तात’ करून देणाऱ्यांना ही अट बहुधा आठवत नाही.

दुसरे असे, की सुरकुत्या दोन प्रकारच्या असतात. चेहरा हलवला की उमटणाऱ्या आणि चेहरा स्थिर असतानाही कोरल्यासारख्या दिसणाऱ्या. इंजेक्शन पहिल्या प्रकारावर उत्तम चालते. दुसऱ्या प्रकारच्या रेषा त्याने उथळ होतात, पुसल्या जात नाहीत. नागपूरच्या उन्हात तीस वर्षे हिंडलेल्या कपाळाला रोज सकाळी सनस्क्रीन आणि रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइनचे मलम यांनी काही महिन्यांत जे मिळेल, ते सुईने मिळणार नाही, आणि तो खर्चही बराच कमी आहे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे टोचलेल्या जागी काळेनिळे होण्याची शक्यता वाढते, एवढेच. सुरकुतीसाठी त्या गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करायच्या नाहीत. पापण्या सकाळी ठीक आणि संध्याकाळी जास्त लोंबत असतील किंवा बोलताना, गिळताना थकवा येत असेल, तर ते मात्र डॉक्टरांना अवश्य सांगा. मायस्थेनिया ग्रेव्हिससारख्या स्नायूंच्या आजारात हे औषध धोक्याचे ठरते. अ‍ॅमिकॅसिन किंवा जेंटामायसिन ही प्रतिजैविके चालू असतानाही ते घेऊ नये.

प्रश्न : मैत्रिणीच्या घरी दहा-बारा जणींनी एकत्र इंजेक्शन घेतले. टोचणारी व्यक्ती ब्युटी पार्लर चालवते. सहा दिवसांनी माझी डावी पापणी खाली आली आहे. कोणते औषध होते ते ती सांगत नाही. आता काय करू? (ठाणे)

उत्तर : हे पत्र हाती येताच त्याला स्वतंत्र उत्तर पाठवले आहे. इतरांना उपयोगी पडेल म्हणून येथे छापत आहोत.

पापणी खाली येणे हा या इंजेक्शनचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि तो चांगल्या हातूनही घडतो. बोटॉक्सच्या आठ्यांवरील चाचण्यांत तो सुमारे शंभरात तिघांना झाला होता. औषध भुवईखालून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपले की असे होते. काही आठवड्यांत ते आपोआप सुधारते, आणि तोपर्यंत नेत्रतज्ज्ञ अ‍ॅप्राक्लोनिडिनचे थेंब देऊ शकतात. ते पापणीतील दुसऱ्या एका छोट्या स्नायूला आक्रसायला लावून ती एक-दोन मिलीमीटर उचलतात. पापणी चोळून किंवा शेकून उपयोग नाही.

मला काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. काय टोचले आणि किती टोचले हे माहीत नसताना केवळ पापणीवरच हे थांबेल, असे गृहीत धरता येत नाही. एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळताना त्रास, आवाज घोगरा किंवा अडखळता होणे, मान धरवेनाशी होणे, श्वास लागणे यांपैकी काहीही झाले, तर त्वचेच्या दवाखान्यात न जाता थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे आणि ‘बोटुलिनमचे इंजेक्शन घेतले होते’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. विष शरीरात दूरवर पसरल्यास प्रतिविष देता येते. ते झालेला लुळेपणा लगेच घालवत नाही, परंतु रक्तात मोकळे असलेले विष निकामी करून आजार पुढे वाढू देत नाही, म्हणून तिथे तासांना महत्त्व आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात ११ राज्यांतील २२ जणींची नोंद होती. त्यांनी बनावट औषध घेतले होते, किंवा परवाना नसलेल्या व्यक्तीकडून अथवा घरी वा पार्लरसारख्या ठिकाणी इंजेक्शन घेतले होते, आणि त्यांतील निम्म्या जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. तुमच्याबरोबर ज्या इतर जणी होत्या, त्यांनाही हे आज कळवा. संकोचापायी थांबू नका.

हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे की नाही, हे महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी क्रमांकावरून पाहता येते, आणि तो क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नाही.

प्रश्न : माझी २३ वर्षांची मुलगी ‘सुरकुत्या पडूच नयेत म्हणून आतापासून घेते’ असे म्हणते. तिच्या मैत्रिणी घेतात. थांबवावे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ती सज्ञान आहे, तेव्हा थांबवण्यापेक्षा तिला आरशासमोर बसवून एक गोष्ट पाहायला सांगा : चेहरा स्थिर असताना एखादी रेष उरते का? तेविसाव्या वर्षी बहुतेकांच्या कपाळावर ती नसते. जी नाही, ती येऊ नये म्हणून वर्षातून तीन-चार वेळा सुई टोचून घेण्यासारखे माझ्या मते येथे काही नाही. त्या खर्चाच्या छोट्याशा भागात सनस्क्रीन येईल, आणि ते रोज, पुरेसे, ढगाळ दिवशीही लावले तर त्याचा उपयोग नक्की होईल. स्वभावतःच खूप आठ्या घालणाऱ्या काही मुलींना तिशीच्या आसपास कमी मात्रेत इंजेक्शन देण्यात अर्थ असतो. ती आमच्याकडे आली असती, तर मी तिला ‘सात वर्षांनी ये’ असे म्हटले असते. गर्भारपणात आणि बाळाला अंगावर पाजत असताना ते देत नाहीत, हेही तिला माहीत असू द्या.

प्रश्न : पार्लरमध्ये ‘हेअर बोटॉक्स’ करतात. त्याने डोक्याचे स्नायू सैल होतात का? (कोल्हापूर)

उत्तर : होत नाहीत, कारण त्यात बोटुलिनम विष नसतेच. केसांवर थर बसवून ते गुळगुळीत दिसावेत यासाठीचा तो लेप आहे आणि नाव केवळ उसने घेतलेले आहे. अशा काही लेपांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. डोळे चुरचुरू लागले तर खुर्चीतून उठावे आणि डब्यावर काय लिहिले आहे ते वाचायला मागावे.